बाहेर असलेल्यांची नावं

“आणि हे प्रभू, आमच्या भिंगऱ्याला वाटेत सांभाळ. त्याला सुखरूप घरी आण,” म्हातारा गवंडी डोळे मिटून म्हणाला, आणि समोर बसलेल्या त्याच्या लेकीने चमचा ताटलीवर आपटला.

“बाबा, पुरे!”

म्हाताऱ्याने एक डोळा उघडला. “प्रार्थनेत मध्येच बोलतेस? चर्चची पाळकीण झालीस की काय?”

त्या घरची रीत जुनी होती. संध्याकाळी जेवायला बसलं की घरधन्याने घराबाहेर असलेल्यांची नावं घ्यायची. जो आत आला त्याचं नाव गळायचं. देवाने आणून पोचवलं, एकदा आभार मानायचे आणि पुढच्याकडे वळायचं. धाकटा मुलगा लहानपणी मुद्दाम उशीर करायचा. दाराआड उभा राहून प्रार्थनेत आपलं नाव येईपर्यंत थांबायचा आणि मग हसत आत शिरायचा.

जन्मापासून त्याच्या पायाला भिंगरी, म्हणून तो भिंगऱ्या. मोठेपणी लांब पल्ल्याचा ट्रक चालवू लागला, आणि त्याचं नाव प्रार्थनेतून क्वचितच गळू लागलं. गेल्या हिवाळ्यात एका वळणावर ट्रक उलटला. म्हाताऱ्याने स्वतःच्या हाताने त्याच्या शवपेटीवर माती टाकली होती. पण हल्ली त्याच्या डोक्यातून दिवसच्या दिवस निसटत होते, तसा तोही दिवस निसटला.

लेकीने दोनदा सांगून पाहिलं. दोन्ही वेळा तो पहिल्यांदाच ऐकावं तसा हंबरडा फोडून रडला, आणि सकाळी पुन्हा दाराकडे डोळे लावून बसला. पोरगा वाटेत उपाशी असेल म्हणून त्याच्या घशाखाली घास उतरेना. एके काळी विटांच्या पाट्या उचलणारे दंड आता सदऱ्याच्या बाहीत सैल हलत होते.

“आई, देवासमोर रोज खोटं बोलायचं का?” लेक आईकडे वाकून हळूच म्हणाली.

“कोण कुठे आहे ते त्याला ठाऊक आहे. शाळेत हजेरी घेतेस तशी इथे घेऊ नकोस.”

म्हातारी सुपाच्या भांड्याकडे बघत राहिली. लेकीला सांगायचं तरी कसं? भिंगऱ्या गेल्यापासून त्याचं नाव कुणीच घेत नव्हतं. थोरला फोनवर ‘ते झालं तेव्हा’ एवढंच म्हणायचा. शेजारणी विषय बदलायच्या. खुद्द तिची जीभ रेटत नव्हती. अख्ख्या दिवसात ते नाव एकदाच कानावर पडायचं, नवऱ्याच्या प्रार्थनेत, आणि तेवढ्यावर तिचा दिवस निभायचा.

म्हाताऱ्याने ताटली पुढे सरकवली. “तुम्ही जेवून घ्या. मी त्याच्यासाठी थांबतो.”

“अहो, कालही थांबलात.”

“मग? बाप आहे मी त्याचा.” तो तिच्याकडे बघत राहिला. “काही कळलंय का तुला? खरं सांग. तुला खोटं बोलता येत नाही.”

लेकीने तोंड उघडलं. म्हातारीने तिचं मनगट दाबलं. मग उठली, टेबलाला वळसा घालून नवऱ्याशेजारी बसली आणि त्याचा खरबरीत हात हातात घेतला.

“कळलंय,” ती म्हणाली. “आपला भिंगऱ्या मेला हो. ट्रक उलटला. पण तो तिथे वाटेत नाही पडून राहिला. देवाने त्याला आपल्या घरी नेलंय. आता त्याला ना भूक, ना थंडी, ना पुढची फेरी.”

लेकीने मान फिरवली. आता हंबरडा फुटणार.

“देवाच्या घरी पोचला?” त्याने विचारलं.

“पोचला.”

“नक्की?”

दफनाच्या दिवसापासून हा प्रश्न स्वतःला विचारायचा धीर तिला झाला नव्हता. पाळकांनी सांगितलं ते ऐकलं होतं, मान डोलावली होती, इतकंच.

“नक्की,” ती म्हणाली, आणि म्हणता म्हणता तिला कळलं, आपण हे नवऱ्याची समजूत घालायला म्हणत नाही आहोत.

म्हातारा रडला. पण आवाज न करता, गाडी गेल्यावर फलाटावर माणूस रडतो तसा. मग बाहीने डोळे पुसून त्याने हात जोडले.

“हे प्रभू, आमच्या भिंगऱ्याला घरी पोचवलंस. तुझे आभार.”

आणि ताटली जवळ ओढून तो जेवू लागला. चाटूनपुसून जेवला. वर आणखी पाव मागितला.

“उद्या विसरतील,” भांडी उचलताना लेक म्हणाली.

म्हातारीने टेबलावरचा पावाचा चुरा ओंजळीत गोळा केला.

दुसऱ्या दिवशी तो बरंच काही विसरला. सकाळचा चहा विसरला, महिना विसरला, लेकीला दोनदा आपल्या बहिणीच्या नावाने हाक मारली. संध्याकाळी सगळे जेवायला बसले. त्याने डोळे मिटले. थोरला जहाजावर होता, त्याचं नाव घेतलं. नात वसतिगृहात होती, तिचं घेतलं. जावई कारखान्यात पाळीवर होता, त्याचंही घेतलं. म्हातारीने मिटलेले डोळे आणखी घट्ट मिटले आणि पुढच्या नावाची वाट पाहिली.

“येशूच्या नावाने मागतो. आमेन.”

“आमेन,” लेक म्हणाली.

चमचे वाजू लागले. म्हातारीचे हात अजून जोडलेलेच होते.

“अगं, डोळे उघड,” म्हातारा पाव सुपात बुडवत म्हणाला. “सगळ्यांची नावं झाली.”