रिकाम्या वर्गातलं वाचन

अंगावर फोड दिसला की पंधरा दिवस घरी, असा नियम कांजिण्यांच्या साथीत शाळेनं काढला आणि आठवड्याभरात तिसरीचा वर्ग रिकामा झाला. उरली एकटी सुगंधा. तिला कांजिण्या गेल्याच वर्षी येऊन गेल्या होत्या. एरवी ती हजेरीलाही नुसता हात वर करायची.

"बाई, आज हसायला कुणी नाही," ती हळूच म्हणाली. "मी धडा वाचू?"

कोळंबकर बाई तिच्या बाकाशी येऊन बसल्या. सुगंधा अडखळत वाचत गेली, बाईंनी एकदाही टोकलं नाही. मग रोज एक धडा झाला.

वर्ग पुन्हा भरला. "कोण वाचणार?" विचारताच सुगंधा उभी राहिली. पहिल्याच ओळीला अडखळली. मागून एकजण फिस्सकन हसला. बाई खुर्चीतून उठू लागल्या.

"थांब रे, पुढचा शब्द तर याहून अवघड आहे," सुगंधा म्हणाली आणि वाचू लागली.