येणारा

महाडची गाडी पोलादपूरच्या स्टँडात शिरली तसे गोमाजी मास्तर बाकावरून उठले आणि दारापाशी जाऊन उभे राहिले. पांढरा कोट, गळ्यापर्यंत लावलेली बटणं. उतरणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडाकडे बघून ते एकच विचारत होते.

"येणारा तो तुम्हीच का?"

"मी नाय वो मास्तर, मी तुळसाचा नवरा," एकजण म्हणाला. "तुळसा पण माझी वाट बघत नाय."

मागचे हसले.

"मास्तर, तुमचा पावना पुढच्या गाडीला हाय," कंडक्टर नेहमीसारखा म्हणाला. मास्तरांनी त्याचे आभार मानले आणि पुन्हा बाकावर येऊन बसले.

मंजुळा मांडीवर डबा धरून बसली होती. मास्तर तिचे वडील, आयुष्यभर ख्रिस्ती मिशनचे उपदेशक. ती इथल्या हायस्कुलात विज्ञान शिकवायची. डबा सकाळचा होता आणि अजून उघडला नव्हता. "तो आल्यावर जेवू," मास्तर म्हणाले होते. कालही तेच म्हणाले होते.

तिच्या लहानपणी ते रोज संध्याकाळी बोट वर करून जुन्या संदेष्ट्यांचं एकेक भाकीत सांगायचे आणि ते कुठं पूर्ण झालं हे तिनं सांगायचं. लहानशा गावातून राजा निघेल. बेथलेहेमात, गोठ्यात. गाढवाच्या शिंगरावर बसून येईल. यरुशलेमेच्या वेशीत. त्याचे हात विंधतील. वधस्तंभावर. उत्तर बरोबर आलं की बोट खाली यायचं.

पावसाळ्यापासून मास्तरांना भाकितं तेवढी आठवत होती, उत्तरं गेली होती. येशू जन्मला होता हेच ते विसरले होते. दोन हजार वर्षं मागे जाऊन वाट बघत बसले होते.

एकदा तिनं सांगून पाहिलं होतं, "तो येऊन गेला, बाबा."

"येऊन गेला?" मास्तरांनी खिडकीबाहेर पाहिलं. "मग हे सगळं असं कसं?"

वर्गात ती मुलांना सांगायची, प्रयोग झाला म्हणता, तर काय बदललं ते दाखवा. मास्तर त्या दिवशी लहान मुलासारखे रडले, आणि तिच्याजवळ दाखवण्यासारखं काही नव्हतं. त्यानंतर ते वाक्य तिनं पुन्हा उच्चारलं नाही. प्रार्थनेतसुद्धा नाही.

शेवटची गाडी आली. उतरणारे थोडेच होते. सगळ्यांच्या मागून श्रीपत उतरला, त्यांचा शेजारी. बिरवाडीला खोली घेऊन तो कारखान्यात कामाला जायचा आणि शनिवारी घरी यायचा. दिवाळीनंतर आजच दिसला.

"येणारा तो तूच का?"

श्रीपतनं मास्तरांकडे पाहिलं, मग मंजुळाच्या हातातल्या डब्याकडे.

"हो मास्तर, मीच तो. चला आता घरी. जेवा."

"श्रीपत, असं काही बोलू नकोस," मंजुळा पुढे आली.

"अवो बाई, म्हातारा उपाशी हाय," तो हळूच म्हणाला.

पण मास्तर हुरळले नाहीत. पडताळून घेतल्याशिवाय त्यांनी कधी काही शिकवलं नव्हतं.

"हात दाखव."

श्रीपतनं हात मागे घेतले. मास्तरांनी त्याची मनगटं धरली, त्याला दिव्याखाली नेलं आणि तळवे वर केले. कातडी गुलाबी, ताणलेली, मधेच खोल गेलेली. दोन बोटं वाकून तशीच राहिली होती. मंजुळाला सांगावं लागलं नाही. आम्लाचा एक थेंब अंगावर उडाला तरी हात नळाखाली धरा म्हणून ती प्रयोगशाळेत मुलांवर ओरडायची. इथं थेंब नव्हता.

"कुणी केलं?" मास्तरांनी विचारलं.

"कुणी नाय. पिंप फुटलं कामावर."

"तू काही बोलला नाहीस त्यांना?"

श्रीपत हसल्यासारखा झाला. "काय बोलू? साहेब म्हणाला, तुझीच चूक. मी गप बसलो. पोरं हायत घरात, मास्तर."

मास्तरांचा चेहरा पालटला. एका हातानं त्यांनी श्रीपतचं मनगट तसंच धरून ठेवलं आणि दुसऱ्या हाताचं बोट वर केलं. पावसाळ्यापासून पहिल्यांदाच.

"लोकर कातरणाऱ्यापुढं मेंढरू मुकं उभं राहतं, तसा तो छळणाऱ्यांपुढं गप्प राहील. सांग मंजू. कुठं पूर्ण झालं?"

उत्तर तिला पाठ होतं. यरुशलेमेत, रोमी सुभेदारापुढं येशू गप्प उभा राहिला तेव्हा. ते ओठांपर्यंत आलंही. मास्तर थांबले होते. बोट अजून वरच होतं, आणि त्याच्या खाली, दिव्याच्या उजेडात, श्रीपतचा तळवा उघडा होता.

"बिरवाडीला, बाबा," ती म्हणाली.

बोट खाली आलं.

"बरोबर," मास्तर म्हणाले. "चल घरी. आधी त्याला वाढ."

श्रीपतनं मनगट सोडवून घेतलं आणि दोन्ही हात खिशात घातले. त्यानं वळून गाडीकडे पाहिलं.

"बाई, जरा हळू बोला," तो म्हणाला. "कारखान्याची माणसं असतात या गाडीला."