हलकी फटफटी

लढाई संपली आणि लष्कराच्या जुन्या फटफट्या साताऱ्यात विकायला निघाल्या. हायस्कूल गावापासून सहा मैल लांब, म्हणून मी वर्षभर फटफटीसाठी आबांच्या मागे लागले होते. शेवटी ते म्हणाले, "चल. तुलाच सांभाळायची हाय, तूच निवड."

मी इंग्रजी पाट्या वाचून ऐटीत सांगितलं, "आबा, ही साडेतीनशे सीसीची घाटात लय पळंल, पण वजन साडेचार मण. ही सव्वाशेची रडत चढंल, पण वजन दीडच मण."

"पडली तर उचलशील?" म्हणत आबांनी सव्वाशेची आडवीच केली. मी परकर खोचून ती उभी केली आणि दुसऱ्या किकेला सुरूही केली. आबा एवढे खूश झालेले मी कधी पाहिले नव्हते.

ती विकत घेऊन घरी पोचलो तर ओसरीवर अनोळखी पाहुणे बसलेले. आबा त्यांतल्या फेटेवाल्या म्हाताऱ्याशेजारी टेकले.


"पाव्हणं, लढाईत तुमच्या पोराचा पाय अधू झाला म्हणून काळजी करू नगा. हुंड्यातल्या फटफटीला किक मारायला आन् पडली तर उचलायला आमची पोरगी पक्की हाय, आज सोता पारखून आलोय. उद्याच सुपारी फोडू."