बाईंना न आलेलं उत्तर

“बाई, चिंच आंबट का असते?” दुसरीतल्या तेजलनं विचारलं.

लवंगारेबाईंनी हातातला खडू खाली ठेवला. जिल्हा परिषदेच्या शाळेत यंदा आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रम सुरू झाला होता. प्रशिक्षणात सांगितलं होतं, उत्तर येत नसेल तर तसं सरळ मुलांना सांगा आणि त्यांच्याबरोबर शोधा. पण ‘माहीत नाही’ म्हणणाऱ्या बाईंना उद्या कोण मान देईल? आजवर अशा वेळी त्या “गप्प बस” म्हणून मोकळ्या व्हायच्या.

आज मात्र त्या हळूच म्हणाल्या, “मला नाही गं माहीत.”

तेजल उठली, बाईंजवळ आली आणि तिनं त्यांचा हात धरला.

“बाई, घाबरू नका. आम्ही कुणाला सांगणार नाही.”