आबांचा सुळा

जानूआबांचा सुळा दुपारी लोणावळ्याच्या दवाखान्यात निघाला आणि संध्याकाळी मळवलीच्या घरी प्रतीक्षाच्या भिंगाखाली गेला. म्हाताऱ्याच्या गालात अजून कापूस होता, पण लेकीला दम कुठला! वीस वर्षं तिने हेच केलं होतं. जुन्या वस्त्या उकरायच्या, त्यात सापडलेले दात बघायचे आणि हजारो वर्षांपूर्वीची माणसं काय खात होती, त्यांची उपासमार कधी झाली, ते सांगायचं.

पलीकडे भावाची मुलगी पायल जेवून उठली. ताटात अर्धी भाकरी तशीच होती.

"टाकू नगं, पोरी," आबा तोंड सांभाळत म्हणाले. "लय उपाशी दिस काढल्यात आमी."

पायलने डोळे फिरवले. घरात हे इतक्यांदा ऐकून झालं होतं की आता त्याची चेष्टाच व्हायची. प्रतीक्षा मात्र ते ऐकत मोठी झाली ती त्याच्यामागेच लागली. त्यापायी तिने हा विषय घेतला, आणि प्रबंधही वडिलांच्या उपाशी बालपणाला अर्पण केला.

"हसू नकोस, आज पुरावाच दाखवते," ती भाचीला म्हणाली. "सुळा आपण सहा वर्षांचे होईपर्यंत हिरडीच्या आत घडत असतो. तेव्हा पोर उपाशी राहिलं की दाताची वाढ अडते आणि त्यावर आडवी रेघ उमटते. माणूस मेला तरी ती राहते. तीन हजार वर्षांपूर्वीच्या मुलांच्या दातांवर मी ती बघितलीय."

तिने दात फिरवला. मग पुसून उजेडाकडे धरला आणि पुन्हा फिरवला. रेघ नव्हती. एकही नव्हती. खात्यापित्या घरच्या मुलाचा असावा तसा दात होता तो.

"दिसली का गं?" आबांनी विचारलं.

तिने तिथेच गप्प बसायला हवं होतं. पण दात हातात आला की ती कुणाची लेकबिक उरत नसे.

"आबा, तुम्ही उपाशी नव्हता. लहानपणी तुम्हाला पोटभर मिळत होतं. दात खोटं बोलत नाही."

पायल खो-खो हसली. "म्हणजे इतकी वर्षं आम्हाला नुसत्या थापा?"

प्रतीक्षाही हसली, पण तिला रडूच येत होतं. एवढा जन्म आपण कशावर उभा केला, असं तिला झालं.

आबांनी गालातला कापूस काढून मुठीत धरला.

"माज्यापरीस थोरली एक व्हती," ते म्हणाले. "भन माजी. चिमा."

हे नाव या घरात कुणी कधी घेतलं नव्हतं.

"आषाढात घरातलं सरायचं. मग आई नाचणीची येकच भाकर टाकायची. वरचा पापुद्रा चिमाला, खालची जाड भाकर मला. पोरगा जगला पायजे म्हनून. चिमा पापुद्र्यात रानातल्या टाकळ्याचा पाला गुंडाळून खायची. म्हनायची, माजं प्वाट लगेच भरतं."

"मग?" पायलने विचारलं. आता ती हसत नव्हती.

"मग काय? भादव्यात गेली. नऊ वर्साची व्हती, मी पाचाचा. वढ्याच्या पल्याड पुरली तिला. आता तितं बंगलेवाल्यांचा पोहायचा हौद झालाय."

प्रतीक्षाच्या हातात दात तसाच राहिला. आजवर असे बिनरेघेचे कितीतरी दात तिच्या हाताखालून गेले होते, आणि दरवेळी तिने पुढे 'सुबत्ता' एवढंच लिहिलं होतं. ताटाला ताट लावून कोण बसलं होतं, हे तिने कधी विचारलंच नव्हतं. तिला स्वतःची लाज वाटली. त्याहून जास्त समोरच्या म्हाताऱ्याची कीव आली.

"आबा, तुम्ही तेव्हा पाच वर्षांचे," ती जवळ सरकत म्हणाली. "तुम्हाला काय कळणार होतं?"

आबांनी तिच्या हातातला दात घेऊन पुन्हा भिंगाखाली ठेवला.

"त्येच तर आता आठवत न्हाई," ते म्हणाले. "ती उपाशी हाय, हे खाताना मला ठावं व्हतं का न्हाई, ते दिसतं का गं त्यात?"