पांढरे कपडे, साठ अंश

"या मशीनमध्ये साबण कुठे घालतात गं?" मास्तरांनी विचारलं, आणि मास्तरीणबाईंच्या हातातली चादर अर्धी घडी होऊन थांबली.

एकतीस वर्षांच्या संसारात या माणसाने स्वतःचा ओला टॉवेल कधी दोरीवर टाकला नव्हता. मशीन येऊनही सात वर्षं झाली होती. तिच्या शेजारून जाताना मास्तर अनोळखी बाईच्या शेजारून जावं तसे अंग चोरून जात. आणि आज शंभर पानी वही आणि पेन घेऊन न्हाणीघराच्या दारात उभे!

"तुम्हाला कशाला हवंय?"

"तुला तेवढाच आराम."

इथेच बाईंच्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

तरी त्यांनी शिकवलं. रंगीत वेगळे, पांढरे वेगळे. खिसे आधी रिकामे करायचे, असं सांगताना त्यांनी मास्तरांच्या चेहऱ्याकडे नीट पाहून घेतलं. चेहरा कोरा. साबण एक टोपण.

"एक टोपण म्हणजे किती मिलीलिटर?"

"एक टोपण म्हणजे एक टोपण!"

मास्तरांनी तसंच लिहून घेतलं. मग वहीतून मान वर न करता म्हणाले, "आणि समजा, एखादा डाग असला तर?"

"कसला डाग?"

"असाच. शाईबिईचा."

शाईचं पेन मास्तरांनी कधीच सोडलं होतं. बाईंच्या डोळ्यांपुढे लाल ओठ उभे राहिले, कुणाचे ते कळेना, पण उभे राहिले. "पांढऱ्याला गरम पाणी," त्या तोडून म्हणाल्या. "साठवर ठेवा. सगळं निघतं."

असं नसतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. प्रत्येक डागाची तऱ्हा वेगळी, काही डाग तर गरम पाण्याने कायमचे बसतात. पण ज्याला लपवायचंय त्याला लपवायची कला आपणच का शिकवावी? राहू दे डाग. आपल्यालाही बघायला मिळेल.

त्यानंतर मास्तर एकेक कपडा धुऊ लागले. आतून कडी लावून. गॅलरीत ऊन सांडत असताना कपडा न्हाणीघरातल्या आतल्या दोरीवर वाळे, आणि वाळला की घडी होऊन नाहीसा होई. बाईंनी खिसे चाचपले, कॉलरींचा वास घेतला. साबणाशिवाय कसलाच वास नव्हता. राहवेना म्हणून बहिणीला फोन केला.

"माझ्या नणंदेच्या नवऱ्याने असंच सुरू केलं होतं," बहीण म्हणाली.

"मग?"

"मग काय, कपडे धुऊन झाले आणि बॅग भरून गेला!"

बाईंनी त्या दिवशी जेवणात दोनदा मीठ घातलं. मास्तरांनी हूं की चूं न करता खाल्लं, तेव्हा तर संशय आणखीनच बळावला.

सोमवारी शाळेतून अचानक बोलावणं आलं आणि मास्तर मशीन चालू ठेवून घाईघाईने निघून गेले. बाई गोल काचेपुढे बसल्या. आत एकच पांढरा पायजमा गरगरत होता. एवढ्या मोठ्या मशीनमध्ये एकटा. मशीन थांबली, दार सुटल्याचा खटका वाजला, आणि त्यांनी तो वाफाळता पायजमा बाहेर ओढला.

पुढच्या बाजूला, नाडीच्या खाली, तपकिरी डाग होता. गरम पाण्याने पक्का बसलेला.

बाईच्या जातीला हा डाग ओळखायला भिंग लागत नाही. पण हा त्यांच्या नवऱ्याच्या पायजम्यावर होता.

मशीनवरच वही पडली होती. आज कपाटात ठेवायची राहिली होती. पहिल्या पानावर त्यांचाच धडा होता, "एक टोपण म्हणजे एक टोपण" सकट. पुढच्या पानावर मास्तरांनी पट्टीने रकाने आखले होते.

बुधवार. साठ अंश. डाग लहान. राहिला.
रविवार. साठ अंश. डाग लहान. राहिला.
गुरुवार. साठ अंश, दोनदा. डाग मोठा. राहिला.
सोमवार. नव्वद अंश. डाग मोठा. लघवीला आग.

त्यापुढे काही नव्हतं.

बाई ओला पायजमा मांडीवर घेऊन तशाच फरशीवर बसून राहिल्या. हा माणूस एकटा, कडी लावून, आपण सांगितलेलं खरं मानून पाणी तापवत राहिला होता. आणि आपण कॉलरी हुंगत होतो. त्यांना स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

मग त्यांनी मास्तरांच्या टेबलावरून लाल पेन आणलं आणि रकान्यांखाली लिहिलं: 'चूक माझी. रक्ताला आधी थंड पाणी. उद्या सकाळी नऊला डॉक्टर. दोघांनी जायचं.' वही होती तिथेच ठेवली.

दुपारी मास्तर आले, चपला काढून थेट न्हाणीघरात गेले. या खेपेला कडीचा आवाज आला नाही. बाई स्वयंपाकघरात तीच ताटली पुन्हा पुन्हा पुसत होत्या. शेवटी मास्तर बाहेर आले, टेबलाशी जाऊन बसले, आणि बाई वही बघायला आत गेल्या.

मास्तरांनी त्यांचं लिखाण तपासलं होतं. 'चूक माझी' हे दोन शब्द एका सरळ रेघेने खोडले होते. बाकी सगळं बरोबर, म्हणून पुढे खूण केली होती.