इंजिनाखालचा ठोकळा

"साहेब, तुम्ही इकडे बोनेटपाशी या. स्टिअरिंगवर ताई बसतील," मेकॅनिक म्हणाला.

"तिला नको," नवरा म्हणाला. "तिचे हात कापतात."

"काम पायांचं आहे."

ती गाडीला वळसा घालून आली आणि तेरा महिन्यांनी स्टिअरिंगसमोर बसली. सीट नवऱ्याच्या लांब पायांच्या बेताने मागे सरकवलेली होती. तिने न बघता खाली हात घातला, दांडी उचलली आणि सीट पुढे ओढली. एवढं तरी हात विसरले नव्हते.

"डिझेल गाडी म्हटल्यावर थोडी हलणारच, ते मलाही कळतं," नवरा बाहेर सांगत होता. "पण काल एका रांगेत अर्धा तास अडकलो, तर आरशात मागच्या ट्रकचे दोन ट्रक दिसायला लागले. म्हटलं, आता हद्द झाली."

त्याला काल जाणवलं आणि आज गाडी गॅरेजात आली. तिला जाणवलं होतं, तेव्हा तिची रवानगी डॉक्टरकडे झाली होती.

तिने गाडी चालू केली. थरथर स्टिअरिंगमधून तळव्यांत उतरली आणि कोपरापर्यंत चढली. अगदी ओळखीची होती ती. मेकॅनिकने आधी इंजेक्टर तपासले, ते ठणठणीत निघाले. मग त्याने ब्रेक दाबून धरायला सांगितला आणि क्लच जरासा सोडायला. एकदा पहिल्या गिअरमध्ये, एकदा रिव्हर्समध्ये. बोनेटखाली इंजिन झोपेत कूस बदलल्यासारखं उचललं गेलं आणि धपकन खाली बसलं.

"सिग्नलला गाडी चालू ठेवता की बंद करता?" मेकॅनिकने विचारलं.

"बंद!" नवरा छाती फुगवून म्हणाला. "प्रत्येक सिग्नलला. डिझेल किती वाचतं!"

"आणि ताई, तुम्ही?"

"चालूच ठेवायचे," ती खिडकीतून म्हणाली. "दिवसाला वीस-पंचवीस सिग्नल लागायचे."

"मग बरोबर. गाडी पळत असली की हे कळत नाही. उभ्या गाडीत इंजिन चालू असलं, की कळतं."

अठरा वर्षं ती एका लॅबसाठी घरोघरी जाऊन रक्त घ्यायची. दडून बसलेल्या शिरा तिला नुसत्या बोटाने सापडायच्या. मग गाडीतून उतरल्यावर तळव्यांना मुंग्या यायला लागल्या आणि सुई हातात घेताना छातीत धाकधूक व्हायला लागली. गाडी हलते, असं तिने घरी सांगितलं. नवऱ्याने गल्लीला एक चक्कर मारली आणि निकाल दिला, "गाडी झकास आहे, तुझेच हात कापतायत." नणंदेने ते वयावर ढकललं. डॉक्टरांना तपासण्यांत काही सापडलं नाही, तेव्हा त्यांनी मन शांत राहायच्या गोळ्या दिल्या. आणि एका आजोबांना तीनदा टोचावं लागलं, त्या संध्याकाळी तिने स्वतःच्या हाताने राजीनामा लिहिला. कोणी मागितलाही नव्हता.

मेकॅनिकने गाडीखाली जॅक सरकवला आणि त्यावर लाकडाचा जाड ठोकळा ठेवला.

"गाडी चालूच राहू दे, ताई. स्टिअरिंगवरचे हात काढू नका."

त्याने जॅकचा दांडा मारला. ठोकळा इंजिनाला टेकला, इंजिन दोन बोटं वर उचललं गेलं, आणि थरथर थांबली.

ती वाट बघत राहिली. इंजिनाचा आवाज येत होता, पण हातांपर्यंत काहीच येत नव्हतं. तिने दोन्ही हात उचलून डोळ्यांसमोर धरले. दहाच्या दहा बोटं स्थिर होती. आत्ता कोणी दंड पुढे केला असता, तर तिला पहिल्या फटक्यात शीर सापडली असती. तिला रडू आलं नाही, राग आला. आणि तो कोणावर काढायचा तेही कळेना, कारण सगळ्यांचं ऐकून घेतलं होतं ते तिनेच.

"माउंटिंग गेलंय," मेकॅनिक म्हणाला. "इंजिन ज्या रबरावर बसतं, ते."

दुपारपर्यंत त्याने जुनं माउंटिंग काढून नवं बसवलं. जुनं बाकावर ठेवलं होतं. रबर मधोमध फाटलेलं, आतलं तेल गळून वाळून गेलेलं.

"किती दिवस झाले असतील?" नवऱ्याने विचारलं.

"दिवस कसले? फाटलेल्या जागी धूळ जाऊन थर बसलाय. दीड वर्ष तरी झालं असेल."

"दीड वर्ष?" नवरा तिच्याकडे वळला. "अगं, मग तू कधी बोलली नाहीस ते!"

तिने बाकावरचं फाटकं रबर उचलून त्याच्या हातात दिलं. मेकॅनिकने एक स्वच्छ पाना उचलला आणि तो पुसायला घेतला.

परत जाताना गाडी तिने चालवली. नवऱ्याने मोठ्या मनाने किल्ली दिली होती. पहिल्याच सिग्नलला सवयीने त्याचा हात किल्लीकडे गेला.

"राहू दे चालू," ती म्हणाली.

त्याने हात मागे घेतला आणि खुशीत येऊन म्हणाला, "लोण्यासारखी झाली बघ गाडी! आता तुला कसलंच भ्यायला नको. सकाळी उठलीस की खुशाल घेऊन जात जा."

"कुठं?" तिने विचारलं.

सिग्नल सुटला. मागच्या गाड्या हॉर्न वाजवायला लागल्या. तिचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते, जरासुद्धा हलत नव्हते.